दहावं माणूस

घाटकोपर,
९ जानेवारी १९८३

चि. रूथ हिस,
शालोम. अ. उ. आ. वि. वि.

आज पहाटे अर्धवट झोपेत मला आजोबांचा घाणा ऐकू आला. नवगावच्या परसातला. लाकडावर लाकूड घासून निघणारा तो लांबट, तेलकट सूर, आणि मध्येच बैलाच्या गळ्यातली घंटा. तुझ्या बापाने आणि मी त्या आवाजावर पाढे पाठ केले. शनिवारी घाणा बंद. गाव आम्हा यहुद्यांना शनवार तेली म्हणे, आणि लहानपणी मला वाटे, शनिवार म्हणजे दुसरे काही नाही, तो आवाज थांबणे. जाग आली तेव्हा कळले की समोरच्या नव्या इमारतीचा काँक्रीट कालवायचा डबा फिरतो आहे. ती इमारत आता तिसऱ्या मजल्याला पोचली. माझ्या खिडकीतून पूर्वी डोंगराची एक तिरकी रेघ दिसे, ती मिटली. आता फक्त विटा दिसतात, अगदी जवळून.

तुझ्या काकीचे वर्ष गेल्या महिन्यात झाले, हे मी तुला मुद्दामच उशिरा कळवतो आहे. कळवण्यासारखे घडले नाही. रेचलने जाताना एकच गोष्ट मागितली होती, आपल्यामागे कदीश, गेलेल्या माणसासाठीची ती प्रार्थना, म्हणायचा तो याच खोलीत. तीस वर्षे तिने इथल्या दिव्यांचे पेले घासले. पुढच्या खोलीत प्रार्थनाघर, मागच्या खोलीत आमचा संसार; ती म्हणे, देवाचे आणि माझे मोरीचे पाणी एकच. आपल्या मोठ्या मशिदीत, तुमच्याकडे जिला सिनेगॉग म्हणतात, शहरात जाऊन मी कदीश म्हणू शकलो असतो. तिथे माणसे मिळतात. पण तिने मागितले ते हे नव्हे.

दहा पुरुष जमल्याशिवाय कदीश नाही. आम्ही नऊ जमलो. माणसे आकड्यांनी मोजायची नाहीत ही आपली रीत, म्हणून तिसरीच्या वर्गात तुम्हा पोरांसाठी मी दहा शब्दांची ओळ रचली होती, ती तुला आठवते का? ‘ये पाहुण्या, दार उघडे, दिवा लावला, तुझीच जागा रिकामी आहे.’ एका माणसाला एक शब्द. अजून त्याच ओळीने मी मोजतो. त्या संध्याकाळी ‘रिकामी’पर्यंत आलो आणि थांबलो. मोझेस झिराडकर नेहमीप्रमाणे दहाव्या, रिकाम्या खुर्चीवर आपली काठी आडवी टाकून शेजारी बसला होता. कोणी हटकले तर म्हणतो, माणूस नाही तर काठी तरी बसू दे. तासभर वाट पाहिली, मग एकेक जण टोपी खिशात घालून गेला.

खालचा दुकानवाला कुंडलिक सगळे दारातून पाहत होता. म्हणाला, मास्तर, मी टोपी घालून बसतो की, तुमचा देव काय रेशनकार्ड बघतो? मी हसलो. मग आत येऊन रडलो, हे त्याला कळले असावे, कारण चहा पाठवला.

एझ्राची इस्रायलहून दर महिन्याला तीच पत्रे, बाबा, या. कसा जाऊ? खोलीची किल्ली माझ्या कमरेला आहे. ती कोणाच्या हाती देऊ, तो माणूस सांग.

थंडीत कान बांधून फिर. माया आहे तशी असू दे.

तुझा काका,
शमुवेल

---

डार्बी,
३० जानेवारी १९८३

ती. काकांस,
शालोम. कृ. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी वॉर्डातल्या औषधांच्या खोलीत दार लावून बसले. नर्सला रडायला तेवढीच जागा असते. वीस वर्षं इथे झाली, पण काकीचे पेले म्हटलं की माझ्या बोटांना राखेचा वास येतो.

काका, एक गोष्ट लिहायची आहे आणि तीन पत्रं फाडून झाली. इथल्या आमच्या लिबरल, म्हणजे सुधारकी प्रार्थना-मंडळीची निवडणूक जूनमध्ये आहे. म्हातारे मि. रोझेन आता थकले. त्यांनी माझं नाव पुढे केलंय. मुकादम म्हणून, मंडळीची प्रमुख, तुमच्यासारखीच! नाव इंग्रजी आहे, काम तेच. शिवाय आमचे रब्बी महिन्यातून एकदाच येतात, म्हणजे बाकीच्या शनिवारी प्रार्थना चालवायला उभं राहायचं तेही मीच. हसू नका.

सगळ्यांना आवडलंय असं नाही. मिसेस गोल्ड म्हणून एक बाई आहेत, त्या मला अजून विचारतात की मी धर्म कधी बदलला. मी म्हणते, दोन हजार वर्षांपूर्वी आमचं जहाज कोकणात फुटलं तेव्हापासून बदललेला नाही. त्या म्हणतात, हाऊ इंटरेस्टिंग, आणि पुढच्या वेळी परत तेच विचारतात. परवा त्या कोणालातरी म्हणाल्या, मुलांना हिचे उच्चार लागतील. मी आत कप विसळत होते. स्वयंपाकघराच्या त्या छोट्या खिडकीतून मला सगळं ऐकू येतं, हे त्यांना अजून उमगलेलं नाही.

मला नाव मागे घ्यावंसं वाटतं. रोझेनसाहेबांना तोंड कसं दाखवू म्हणून घेत नाही. पुढे जायचं तर तुमचा हात डोक्यावर हवा. १९६९ साली तुम्ही मला एक पत्र लिहिलं होतं. तेव्हापासून या विषयावर आपण दोघं गप्प आहोत. काका, आता एकदा बोला. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.

खोकल्याचं औषध संपलं असेल तर कळवा. राग आला तरी पत्र धाडाच.

तुमची,
रूथ

---

घाटकोपर,
२० फेब्रुवारी १९८३

चि. रूथ हिस,
शालोम. अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचले. खोकला बरा आहे. समोरची इमारत चौथ्यावर गेली, दुपारी दोनलाच दिवा लावावा लागतो. वाचनालयातून एक जुना कवितासंग्रह आणला, शाळेत शिकवायचो तो. पाने चाळताना प्रत्येक कवितेच्या कडेला कुठल्यातरी पोराने ‘महत्त्वाचे’ असे लिहिलेले. सगळेच महत्त्वाचे असेल तर परीक्षेला काय येणार, असे मी वर्गात विचारीत असे.

तू विचारलेस त्याचे उत्तर मला देता येत नाही, आणि का येत नाही ते लिहितो. फ्लोराबाई पेणकर तुला आठवतात. पलीकडच्या दाराच्या. तुझ्या वेण्या घालीत आणि तुला चापटही देत. त्यांच्या नवऱ्याचे, शालोमचे, ७६ साली वर्ष आले. मूलबाळ नाही, कदीश म्हणायला पुतण्या आलेला. पुरुष नऊ. मी ओळ म्हणत ‘रिकामी’वर आलो. तेव्हा बायका बसतात त्या मागच्या पडद्याआडून फ्लोराबाई उठून पुढे आल्या आणि म्हणाल्या, शमुवेलमास्तर, शेवटचा शब्द माझ्यावर म्हणा. मेला तो माझा नवरा, मी काय खांब आहे?

मी त्यांना बसा म्हटले. सर्वांसमोर. मुकादम होतो, रीत राखायची होती. आणि खरे सांगतो, रूथ, त्या क्षणी मला तुझी आठवण झाली. तुला ६९ साली जे लिहिले होते तेच यांना सांगितले नाही, तर तुला लिहिलेले खोटे ठरेल, असे वाटले. माणूस एकदा एक वाक्य लिहितो आणि मग जन्मभर त्या वाक्याच्या आत राहतो.

फ्लोराबाईंनी चपला घातल्या. त्या दिवसापासून हा उंबरा ओलांडलेला नाही. रेचलशी बोलणे चाले ते मोरीच्या खिडकीतून. सप्टेंबरात आपल्या नव्या वर्षाला चिकाचा हलवा येई तोही खिडकीतून. रेचलला नेले तेव्हा त्या चौकात उभ्या होत्या. आत आल्या नाहीत. मीही या म्हटले नाही.

आता तुला हो म्हणायचे म्हणजे त्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे. सात पावले आहेत. मोजलेली आहेत.

तेव्हा थोडे थांब. जपून राहा, आणि म्हाताऱ्याला पदरात घे.

तुझा काका,
शमुवेल

---

डार्बी,
१९ जून १९८३

ती. काकांस,
शालोम. कृ. न. वि. वि.

थांबले. मार्च, एप्रिल, मे. तुमची चार पत्रं आली, त्यांत समोरच्या इमारतीचे मजले आले, कुंडलिकच्या मुलीचा पाचवीचा निकाल आला, आणि माझं उत्तर नाही आलं.

परवा निवडणूक झाली. एकतीस विरुद्ध बारा. मी मुकादम झाले, काका. विचारून नाही, सांगून.

आता ६९ साली मी घाबरून अर्धंच लिहिलं होतं, ते पुरं लिहिते. मी इथे आले तेव्हा आधी एका दुसऱ्या मंडळीकडे गेले होते. तिथे माझ्याकडे, पोरकेपणाचा दाखला मागावा तसे, मी यहुदी असल्याचे कागद मागितले. मी काकीने दिलेली साडी नेसून गेले होते. परत आले आणि दोन वर्षं कुठेच गेले नाही. शुक्रवारी खोलीत एकटीच दिवा लावायचे, खाली घरमालकीण कुत्र्यावर ओरडत असायची. मग वॉर्डात मि. रोझेन पाय मोडून आले. मी गुणगुणत होते, तुमच्या चालीवर. त्यांनी शब्द ओळखले, चाल ओळखेनात. हे कुठलं, म्हणाले. मी म्हटलं, नवगावचं. त्यांना वाटलं पोलंडात असेल.

त्यांच्या मंडळीत मी चार वर्षं कप विसळले. कोणी सांगितलं नव्हतं. बाहेर बसलं की सगळे दयेनं बघत, आत खिडकीशी कोणी बघत नसे. नोव्हेंबरात एकदा धुकं असं पडलं की नऊच जण पोचले. त्यांच्याकडे दहाचा आग्रह तसा सैल, बायकाही धरतात. पण रोझेनसाहेब जुन्या वळणाचे, दहाशिवाय कदीश म्हणत नसत, आणि त्या दिवशी त्यांच्या आईची तिथी होती. ते स्वयंपाकघरात आले. माझ्या हाताला साबण. म्हणाले, सिस्टर, हात पुसा, मला तुमची गरज आहे.

मी तुमची ओळ मनात म्हटली. शेवटचा शब्द माझ्यावर आला.

त्यावर तुम्ही ६९ साली लिहिलंत की बाईने दहावं होणं म्हणजे भिंतीला दाराचं चित्र काढणं. वाक्य सुंदर होतं, म्हणून जास्त लागलं. पण त्या चित्रातून मी आत गेले, काका. मग मुलांचा वर्ग घेतला, मग बर्फात रब्बींची गाडी अडकली तेव्हा पहिल्यांदा उभी राहिले. आवाज तुमचा निघाला.

सप्टेंबरात नव्या वर्षाची प्रार्थना मी चालवणार. आशीर्वाद द्या म्हणत नाही. फक्त हे पत्र फाडू नका.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ मागत नाही, तो आहे हे मला माहीत आहे.

तुमची,
रूथ

---

घाटकोपर,
२ ऑक्टोबर १९८३

चि. रूथ हिस,
शालोम. अ. उ. आ. वि. वि.

पत्र फाडले नाही. तीन महिने उशीखाली होते. मग एक भलतेच केले ते कळवतो.

नव्या वर्षाला आम्ही नऊ जण बसलो. प्रार्थना आपापली मनात म्हटली, मोठ्याने म्हणायची ती राहिलीच. मोझेसने सहज विचारले, तुमची रूथ काय करते हो तिकडे, लग्न तर केले नाही. मला काय झाले कळत नाही. उठलो, आतून तुझे पत्र आणले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. वर्गात धडा वाचावा तसे. साबणाच्या हातापाशी माझा चष्मा धुरकटला, तेव्हा थांबून पुसला.

वाचून झाल्यावर मोझेस तापला. म्हणाला, मास्तर, तुमची पुतणी राणी होऊ दे विलायतेची, आम्हाला त्याचा अभिमान. पण या खोलीत बाई दहावी धरलीत ना, तर मी काठी उचलीन आणि चालू पडेन, मग मोजत बसा आठ. बाकीचे माझ्याकडे पाहत होते आणि मी पंख्याकडे.

आणि रूथ, मोरीची खिडकी उघडी होती. पत्र वाचताना मला भान नव्हते. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, तो कधी थांबला ते कळले नाही. नंतर मी आत गेलो तर खिडकीच्या कट्ट्यावर हलव्याची बशी. रेचल गेल्यापासून आली नव्हती. दोन वर्षांनी आली. पलीकडची खिडकी मात्र लावलेली.

बशी धुऊन परत ठेवली. सात पावले चाललो नाही. दारापर्यंत गेलो, कडीला हात लावला, आणि एकदम वाटले की त्या दार उघडून विचारतील, आता का? याचे उत्तर एवढेच होते की मला आता गरज आहे. सात वर्षांपूर्वी त्यांना होती. हे कोणत्या तोंडाने सांगू? परत फिरलो.

डिसेंबरात पुन्हा रेचलची तिथी येते. ठाण्याचे एक गृहस्थ दहावे म्हणून येतो म्हणाले आहेत. त्यांच्यावर सारी भिस्त.

प्रार्थना कशी झाली ते सविस्तर लिही. कोणती चाल घेतलीस? तेवढे तरी या माणसाला कळू दे.

तुझा काका,
शमुवेल

---

डार्बी,
६ नोव्हेंबर १९८३

ती. काकांस,
शालोम. कृ. न. वि. वि.

तुमची चाल घेतली. दुसरी येते कुठे? पहिली ओळ चुकले, दुसरी जमली, आणि तिसरीला मागून मिसेस गोल्डचा आवाज आला. बेसूर, पण नवगावचाच. नंतर त्या कप घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि विसळायला लागल्या. मी त्यांना बसा म्हटलं. त्या म्हणाल्या, तुम्ही आता बाहेर उभं राहायला हवं, लोकांशी हात मिळवायला. मी बाहेर गेले खरी, पण काका, अर्धा तास मला हात कुठे ठेवायचे कळेना. मोठं झालेलं माणूस किती उघड्यावर असतं! किल्ली माझ्याही कमरेला आली आहे. तुमचं ओझं आता थोडं समजतं.

ठाण्याचे गृहस्थ येवोत. नाही आले तर, काका, मी इतक्या लांबून काही सांगणार नाही. मुकादम तुम्ही आहात.

त्या संध्याकाळी मी इथे काकीसाठी उभी राहीन. तुमची माया पाठीशी ठेवा.

तुमची,
रूथ

---

घाटकोपर,
१३ डिसेंबर १९८३, संध्याकाळ

चि. रूथ हिस,
शालोम. अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र पुढच्या खोलीतच, टेबलाच्या कोपऱ्यावर लिहितो आहे. हात कशात तरी गुंतलेला बरा. साडेपाच वाजून गेले. समोरच्या विटांवरचे ऊन गेले. पेला मीच घासला, रेचलसारखा लखलखीत झाला नाही. ठाण्याच्या गृहस्थांचा निरोप कुंडलिकच्या दुकानातल्या फोनवर चारला आला, त्यांची मुलगी दवाखान्यात आहे, येत नाहीत. हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही. सगळे दाराकडे बघत बसले आहेत. मोझेसची काठी दहाव्या खुर्चीवर आडवी आहे.

रूथ, तुला एक कबूल करतो. भिंतीवरच्या दाराचे ते वाक्य मला सुचले तेव्हा मी खूश झालो होतो. तुझ्याविषयी विचार केला नव्हता, वाक्याविषयी केला होता. कवितेच्या नादाने माणूस कसा निर्दय होतो हे मला कोणत्याच संग्रहाच्या कडेला लिहिलेले सापडले नाही. तू मला हो की नाही विचारले होतेस. माझे उत्तर हो आहे. तू मुकादम झालीस हे बरोबर झाले, आणि त्या धुक्यात तू दहावी होतीस तेही बरोबर होते. एवढे लिहायला मला अकरा महिने लागले.

आणि हे लिहिल्यावर आता ती सात पावले टाळता येत नाहीत. हे वाक्य पुरे करून उठतो. त्यांनी दार लावून घेतले तर तसे कळवीन.

उठलो नाही, कारण कोणीतरी कडी वाजवली. सगळे एकदम सरसावले. ठाण्याचे आले असेच सर्वांना वाटले. दार मी दिवसभर उघडेच ठेवले आहे, तरी वाजवली.

फ्लोराबाई आहेत. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात तेलाची वाटी. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या. माझ्याकडे बघत नाहीत, दिव्याकडे बघतात. म्हणाल्या, तेल कमी घातलंय, रेचल काठोकाठ घालायची. मग म्हणाल्या, मास्तर, मला कोणी बोलावलेलं नाही. मी तिच्यासाठी आले. आत घ्यायचं तर घ्या, नाहीतर वाटी घ्या.

मी उभा राहिलो आहे आणि उभ्यानेच हे खरडतो आहे, अक्षर बघ कसे झाले. या म्हणालो. तोंडातून फुटले, खरेच फुटले. त्यांनी चपला काढल्या. सगळे मोझेसकडे बघत आहेत. मोझेसने काठी उचलली.

उचलली, आणि उठला नाही. काठी त्याने स्वतःच्या मांडीवर घेतली. खुर्ची मोकळी आहे.

ओळ सुरू करतो.